मिरच्यांचा वास

"बेसबॉल खेळायला गणितातले मार्क कशाला?" मी विचारलं.

"त्या कॉलेजात दोन्ही लागतं, आई," सूनबाई म्हणाली.

तिथले कोच माझ्या नातवाला, निहारला, बघायला न्यू जर्सीच्या घरी आले. मार्क बघून खूश झाले. निघताना, बाजारात खोंड चाचपावा तसा त्याचा डावा खांदा चाचपला. "असा डावखुरा जन्मात पाहिला नाही!"

दार लागलं आणि निहारचा हात वर होईना. उद्या निवडीचा सामना.

मी मीठ-मिरच्या त्याच्यावरून ओवाळून तव्यावर टाकल्या. मिरच्यांचा कोळसा झाला, पण ना वास, ना ठसका. दृष्ट जबर होती.

"आजी, हात उचलतोय!" निहार ओरडला.

खिडकीबाहेर, बंद गाडीत कोच खोकून खोकून जांभळे पडले होते. दार उघडायला त्यांचा डावा हात उठत नव्हता.