काट्याचं फूल

"हे कशाचं पानी आहे बाई?" नांदुऱ्याचे व्यापारी रंगराव बाटली हुंगत म्हणाले.

"फुलाचं," सुभद्रा म्हणाली.

"कोनत्या फुलाचं?"

"काट्याच्या."

"काय हो बापू, तुमच्या वडनेरात बाभुयीचं अत्तर काढता काय?"

बापू हसला. हसण्यासारखं काही नव्हतं. कालपर्यंत हीच बाई दिवसातून शंभरदा गुलाबाचं नाव घेत होती. काटा रुतला की "मुडदा बशिवला या गुलाबाचा!" ही हाळी थेट सडकेपर्यंत जाई. पहाटेच्या दवात फुलं तोडायची, ऊन चढायच्या आत ती गुलाबपाणी काढायच्या तांब्याच्या देगीत भरायची, झाकणाची फट कणकेनं लिंपायची आणि जाळ जास्त झाला की बापूला झापायचं, ही सगळी कामं ती सांभाळी. महाराष्ट्र नवा होता, गाव मात्र जुनी सरकीच पेरत होतं. गुलाब लावणारा बापू एकटाच, त्यामुळे गाव त्याला शहाणा समजत नसे. सुभद्राही समजत नसे, पण कामाला येई.

काल संध्याकाळी बापूनं आईला, सोजराबाईला, तिच्याकडे धाडलं होतं. सुभद्राचा नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, बापूची बायको त्याच्याही आधी गेलेली. पाट लावायला दोन्ही घरं राजी होती. अडलं होतं ते सुभद्राच्या होकारावर.

"काय म्हने ते?" सोजराबाई परत येताच त्यानं विचारलं होतं.

"काय म्हनन? हंडा घासून राह्यली होती, घासतच राह्यली."

आणि आज हे असं. रंगराव बिडी ओढायला बाहेर गेले तसा बापू देगीपाशी आला.

"देगीत काय भरलं?"

"तोडलं ते."

"काय तोडलं?"

"टोपलंभर."

"टोपलंभर काय, सुभद्रा?"

"डोये नाहीत काय? पाहा की!"

बापू मॅट्रिकपर्यंत शिकलेला होता, तर्क त्याला जमत असे. जिला गुलाबाचं नाव जिभेवर नको, ती गुलाबाच्या घरात नांदायला येईल कशी? आता एक तर गुलाब राहील, नाही तर सुभद्रा. त्यानं कुदळ उचलली आणि पहिल्याच झुडपाच्या बुडाशी घाव घातला.

"अवो! काय करून राह्यले?" सुभद्रा धावत आली.

"सरकी पेरतो."

"काऊन?"

"तुले ज्याचं नाव नको, ते मले वावरात नको."

सुभद्रानं डोळे विस्फारले. मग पदर तोंडात कोंबला आणि ती धूम पळाली. तिचे खांदे गदगदत होते.

गोंधळ ऐकून सोजराबाई आली आणि तिनं पोराच्या हातची कुदळ हिसकली.

"जाऊ दे माय," बापू खाली बसला. "तिची ना आहे. रडत गेली."

"हासत गेली, येड्या! होकार देऊन गेली."

"कवा दिला? सकायपासून गुलाबाचं नाव काढलं नाही तिनं!"

सोजराबाईनं कपाळावर हात मारला.

"शायेत मास्तर हजेरीले तुह्यं नाव काय घेत होता रे, गुलाबराव?"