दोन वर्षांचे पुरावे

कापूस खरेदीची केंद्रं मोबाईलवर शोधून देणाऱ्या कंपनीचे दोन सर्व्हर होते. अमरावतीतला सर्व्हर कुंदन सांभाळायचा, अकोल्यातला तनवीर. तनवीर नोकरीत जुना, पण बढती मिळाली कुंदनला. तेव्हापासून कोणी कुंदनचं नाव काढलं, की तनवीरला तोंडातला चहासुद्धा कडू लागायचा.

अमरावतीला तयार झालेला इंडेक्स, म्हणजे चालू केंद्रांची ताजी यादी, रोज सकाळी आपोआप अकोल्याच्या सर्व्हरवर उतरायचा. तीन दिवस झाले, तो उतरतच नव्हता. जुनीच यादी पाहून हिवरखेडचे लोक बोंडअळीतून वाचलेला कापूस गाड्यांत भरून बंद केंद्रावर गेले, आणि कंपनीच्या नावानं शिव्या घालत परतले. साहेबांनी दोघांनाही एकदम फोनवर घेतलं.

"सायेब, चूक कुंदनचीच हाय!" तनवीर उसळला. "इंडेक्स तोच पाठवते ना? त्याची एकेक चूक म्या व्हिडिओ काढून जपून ठेवली हाय. दोन वर्षांचे पुरावे हायेत मायापाशी!"

"पुरावे नंतर पाहू," साहेब म्हणाले. "कुंदन, तू आधी तिथूनच अकोल्याचा सर्व्हर तपास."

पलीकडून कीबोर्डची टकटक ऐकू येऊ लागली. आता याचं पितळ उघडं पडणार, या विचारानं तनवीरचा जीव दोन वर्षांत पहिल्यांदा थंड झाला.

&nbsp;

"तनवीरभाई, इंडेक्स उतरायले तुमच्या डिस्कवर जागाच नाही उरली, 'कुंदनच्या चुका' नावाच्या फोल्डरनं सारी भरली हाय, पुसून टाकू काय?"