हिरव्या वड्या

मुकुंदचा दुबईतल्या जबल अलीतला आयरिश साहेब दर मार्चमध्ये क्लबवर सेंट पॅट्रिक्स डे दणक्यात करायचा. प्रत्येकाने घरून काहीतरी हिरवं खायला आणायचं, हा त्याचा दंडक. मुकुंदची बायको उज्ज्वला दरवर्षी हौसेने कोथिंबीरवड्या तळून द्यायची. "फॅमिली अलाउड नाही गं," हे मुकुंदचं ठरलेलं पालुपद.

यंदा पठ्ठ्या डबाच विसरला. ती टॅक्सी करून क्लबवर पोचली, तर आत झाडून सगळ्यांची बायकापोरं हिरवे कपडे घालून नाचत होती!

"मुकुंदचा डबा," उज्ज्वलाने म्हणताच साहेबाच्या मडमेने तो दारातच घेतला. "मुकुंदकडे कामाला आहेस का? काय चव आहे गं त्याच्या हाताला!" मग आवाज खाली आणून तिने विचारलं,

 

"आणि त्याची बायको कशी आहे? अजून अंथरुणालाच खिळलेली?"