काठोकाठ

भावाकडे मधमाश्यांच्या पेट्या होत्या. मध काढला की तो थोरल्या बहिणीला किलोभर पाठवायचा आणि उरलेला लेकीच्या खोकल्यासाठी घरी ठेवायचा. यंदा मध जेमतेमच निघाला, तरी ताईची बाटली आलीच.

ताईने बाटली उजेडात धरली. बाटली लिटरची, आणि वरची चांगली चार बोटं रिकामी. भावाचं मन मोठं, पण भावजयीचा हात आखडता, हे तिचं जुनंच मत. तिने फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "किलोभर मध वाटेत आटला वाटतं."

चार दिवसांनी भावाकडून एक छोटी बरणी आली. तीही ओतल्यावर बाटली काठोकाठ भरली.

"बोलल्याशिवाय काही मिळत नाही," ती नवऱ्याला म्हणाली.

नवऱ्याचं रंगाचं दुकान, डबे भरण्यात जन्म गेलेला. त्याने बाटली उचलून पाहिली आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली.

"बाटलीचं वजन सोडून एक किलो चारशे ग्रॅम," तो म्हणाला. "अगं, मध पाण्यापेक्षा जड असतो. किलोभर मधाने लिटरची बाटली भरतच नाही. पहिलं माप बरोबर होतं."

ताई ग्रुपवरचा फोटो काढून टाकायला गेली, तेवढ्यात भावजयीचा व्हॉइस मेसेज आला.



"ताई, आता भरली ना बाटली?" भावजय विचारत होती, आणि तिच्या मागे पोरगी थांबायचं नाव न घेता खोकत होती.