ओहोटी लागेपर्यंत

केझाया हॅलम भर सभेत गुडघे टेकून प्रार्थना करू लागली, तेव्हा बाकांवर नुसती चुळबुळ झाली. उभं कुणीच राहिलं नाही.

आम्हा क्वेकर पंथाच्या ख्रिस्ती लोकांच्या सभेत ना पाद्री, ना भजन. सगळ्यांनी गप्प बसायचं. कुणी गुडघे टेकून प्रार्थना सुरू केली, तर बाकीच्यांनी उभं राहायचं आणि पुरुषांनी हॅट काढायची. ती मान्य नसेल, तर हॅट न काढता बसून राहायचं. आज एकही हॅट खाली आली नाही. पण मान्य असो वा नसो, प्रार्थना करणारा मान वर करेपर्यंत सभा मोडत नाही आणि कुणी बाहेर पडत नाही. केझायाला तेवढंच हवं होतं.

तिच्या भावाने, बार्झिलायने, आपली गुलाम फीबी दूर दक्षिणेतल्या कॅरोलायनाच्या एका मळेवाल्याला विकली होती. सभा सुटली की तिला तडक धक्क्यावर न्यायचं. ओहोटीबरोबर जहाज निघणार होतं. सभागृहाच्या जिन्याखाली गुलामांसाठी ठेवलेल्या बाकावर फीबी मांडीवर बोचकं घेऊन बसली होती.

केझायाने देवाजवळ फीबीची सुटका मागितली. मग भावासाठी सद्बुद्धी मागितली. मग शब्द संपले. तरी तिने मान वर केली नाही. फरशी थंडगार होती आणि तिचे गुडघे आधीच कामातून गेलेले. शेजारच्या मर्सीने आपला झगा हळूच आवरून घेतला, ते तिला दिसलं. याच मर्सीबरोबर ती लहानाची मोठी झाली होती. एवढं एकटं तिला नवरा गेला त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

"उरक आता," बार्झिलाय बाकावरूनच म्हणाला. "देवाला कळलं असेल एव्हाना."

"देवाला कळलंय. मी तुझ्यासाठी थांबलेय."

कुणीतरी खोकलं. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं. वडीलधारे एकमेकांकडे बघत राहिले, पण रीत मोडायचं धाडस कुणालाच झालं नाही. शेवटी धक्क्याकडून जहाज सुटल्याची तोफ ऐकू आली.

तेव्हा केझायाने मान वर केली. वडीलधाऱ्यांनी रीतीप्रमाणे एकमेकांशी हात मिळवले, सभा सुटली. सगळ्यांनी शेजाऱ्याचा हात हाती घेतला. केझायापुढे एकही हात आला नाही.

"पुढच्या आठवड्यात दुसरं जहाज आहे," जाता जाता बार्झिलाय म्हणाला.

"त्याआधी सभा आहे," ती म्हणाली.

सगळे निघून गेले. फीबी मागून आली आणि तिने केझायाला उठवायला तिच्या काखेत हात घालून पाहिलं. गुडघे काही सरळ होईनात. मग फीबीने बोचकं बाजूला ठेवलं आणि ती तिच्याजवळ फरशीवरच बसली.