कुमुदची रीत

"जीभ दाखव बघू," डॉक्टर सोमण म्हणाले.

कुमुदनं ओठ घट्ट मिटून घेतले. अंग तापलेलं, डोळे लालबुंद, तरी ती नकाराची मान हलवतच राहिली.

तिचे वडील, लोणावळ्याचे डॉक्टर वर्तक, जाऊन पंधरवडा झाला होता. तेरावं उरकून पाहुणे आपापल्या गावी गेले आणि पोरगी तापानं फणफणली. तिच्या आईनं, लीलाबाईंनी, शेजाऱ्यांना सांगून तळेगावहून सोमणांना बोलावून घेतलं. लग्न होऊन या घरात आल्यापासून बाहेरचा डॉक्टर आणायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

सोमण विचारत होते आणि लीलाबाईंना काही सांगता येत नव्हतं. मागच्या खेपेला ताप कधी आला होता? क्विनीन सोसतं का? कान दुखतो का अधूनमधून? हे सगळं त्या गेलेल्या माणसाच्या डोक्यात होतं.

"घरात थर्मामीटर असेलच," सोमण म्हणाले.

असणारच. वर्तकांची बॅग समोर कपाटावर होती. लीलाबाई तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या, पण हात वर गेला नाही. सोमणांनी मुकाट्यानं आपल्या खिशातला थर्मामीटर काढला.

त्या रडल्या नव्हत्या. न्यूमोनियाचं निमित्त होऊन डॉक्टर गेले तेव्हा सगळा बाजार बंद राहिला. स्टेशनवरचे हमाल धाय मोकलून रडले. थोरल्या जाऊबाई कानाशी येऊन म्हणाल्या, "रड गं, मोकळी हो." लीलाबाईंना सगळं ऐकू येत होतं, पण शेजारच्या घरातलं बोलणं भिंतीपलीकडून यावं तसं. त्या वेळेवर भात टाकत होत्या, दिवा लावत होत्या, कुमुदची वेणी घालत होत्या.

"तुम्ही आधी," कुमुद म्हणाली.

"काय आधी?"

"तुम्ही आधी जीभ दाखवायची. अण्णा आधी स्वतःची दाखवतात. बरी आहे की नाही ते मी सांगते. मग माझी."

दाखवतात, असं ती म्हणाली. कुणी तिला दुरुस्त केलं नाही.

सोमण पांढऱ्या मिशांचे, कडक शिस्तीचे गृहस्थ. त्यांनी लीलाबाईंकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं, चष्मा काढून हातात घेतला आणि जीभ बाहेर काढली. कुमुदनं ती वाकून वाकून तपासली.

"पान कमी खा," ती म्हणाली आणि तिनं तोंड उघडलं.

बाहेर ओटीवर कुणीतरी हसलं. हसणारी होती धोंडाबाई, आंदर मावळातली म्हातारी. डॉक्टर गेल्याची बातमी तिच्या वाडीत उशिरा पोचली होती. तांदळाचं गाठोडं डोक्यावर घेऊन ती कामशेतपर्यंत चालत आली होती आणि तिथून गाडीनं इथवर. घरात पोर आजारी बघून ती भेटायला आत न येता बाहेरच टेकली होती.

"साधा ताप आहे, वहिनी. उतरेल," सोमण म्हणाले. पुड्या देऊन ते निघाले. लीलाबाई त्यांना पोचवायला ओटीवर आल्या. टांगा वळेपर्यंत धोंडाबाई थांबली आणि मग म्हणाली, "आमच्यात बी तुमचं डागदर असंच करायचं."

"काय म्हणालात, मावशी?"

"आवो, पटकीच्या साली आमचा म्हातारा जीभ दावंना. म्हनला, म्या काय ल्हान पोर हाय व्हय? तवा डागदर त्येच्या म्होरं उकिडवं बसलं आन् आपलीच जीभ भायेर काडली. म्हनलं, बघा आबा, माजी बरी हाय का? वाडीत घरटी तसंच केलं. मरनाच्या दारात लोक हसाय लागलं."

लीलाबाईंच्या कानशिलांना एकदम ऊन लागल्यासारखं झालं.

"ते आमच्या घरातलं होतं," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला. "कुमुदचं आणि त्यांचं. रात्र रात्र बाहेर असायचे, पण आले की आधी तिच्याजवळ जायचे. तेवढं तरी आमचं होतं. तेही सगळीकडे कशाला वाटत बसायचं?"

बोलून झाल्यावर त्यांचा त्यांनाच धक्का बसला. गेलेल्या माणसावर त्या रागावल्या होत्या.

धोंडाबाईला राग आला नाही.

"आमाला ठावं व्हतं की, बाई. डागदरच सांगायचं. ही माज्या कुमुदची रीत हाय, तिनं लावून दिलीया म्हनायचं. तुमची लेक आमाला नावानं ठावी हाय. बगितली मातर आज."

लीलाबाई उंबऱ्यावर बसल्या.

"आणि माझं?" त्यांनी विचारलं. "माझं काही बोलायचे तिकडं?"

धोंडाबाईनं गाठोड्याची गाठ उगाच चाचपली.

"रागावनार न्हाई न्हवं?"

"नाही."

"म्हनायचं, आमची मंडळी चिडली की बोलत न्हाई, भांडी आपटती. उशीर झाला की म्या आधी दाराभायेर हुबा ऱ्हातो म्हनायचं. भांडी वाजाय लागली की बरं वाटतं. कुनीतरी वाट बघतंय म्हनायचं."

लीलाबाई उठल्या, आत गेल्या आणि चहाचं आधण ठेवायला त्यांनी फळीवरचं पातेलं ओढलं.

ते खाली आदळलं. त्यांनी उचलून पुन्हा आदळलं. मग झाकणी, मग तांब्या.

ओटीवर धोंडाबाईनं तोंडाला पदर लावला आणि ती ऐकत राहिली.