वीज गेल्यावरचा सूर

मृण्मयी लातूरहून पुण्याजवळच्या सूसला नोकरीसाठी आली ती गिटार पाठीला लावूनच. जुन्या रॉक गिटारवाल्यांचा तो भरदार, आर्त सूर आपल्या हातून निघावा म्हणून तिनं वर्षानुवर्षं बोटं सोलून घेतली होती. निघायचा तो पातळच.

सोसायटीच्या स्नेहसंमेलनात ती भर दुपारी मंचावर चढली आणि वीज गेली. माणसं उठू लागली. तिनं चिडून एकच तार छेडली.

गिटारला जोडलेल्या अँपमधून सूर उसळला. भरदार, ऊबदार, माणसाच्या गळ्यातून यावा तसा. उठलेले लोक जागीच थबकले. ती वाजवत सुटली आणि मांडव टाळ्यांनी दणाणला.

शेजारच्या नांदे गावचा वायरमन कैलास मंचापाशी आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ताई, लाईट अजून न्हाई आली. अँपची पिन बी मी काढलीया. ही बघा, हातात हाय."

"असू दे, दादा! मिळाला मला तो सूर!" मृण्मयी हसत ओरडली आणि तिनं दोन्ही हात उंचावले.

लोक उभे राहून तिचं नाव पुकारत होते. सूर थांबला नव्हता. हात वरच ठेवून तिनं गळ्यातल्या गिटारकडे पाहिलं. तार अजून दाबलेली होती आणि कुणीतरी बोटानं ओढावी तशी हळूहळू वर सरकत होती.